तबकड्यांना नवी कव्हरं

बायको गेल्यावर नाना मुलाकडे राहायला आले, ते कपड्यांची एक बॅग आणि गाण्यांच्या रेकॉर्डींची सहा खोकी घेऊन. खोकी पाहून सुनेनं नाक मुरडलं. तोंडानं मात्र "असू देत हो" म्हणाली.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात नानांचा जन्म गेला. हौस म्हणाल तर ही एकच, आणि तीही नवराबायको दोघांची मिळून. आता जुन्या कागदी पाकिटांचा पार चोथा झाला होता. तबकडी काढता-घालताना चरे पडत.

एका रविवारी मुलगा आपणहून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. "नाना, ह्यांना नवी कव्हरं घेऊ या का?"

नाना बघतच राहिले. रेकॉर्डींना "तुझी सवत" म्हणून आईला चिडवणारं, गाणं लागलं की दार आपटून जाणारं हेच ते पोर!

"जाड, चकचकीत नकोत बरं का," ते घाईघाईनं म्हणाले. "उकाड्यात तबकडीला चिकटतात, वर पांढुरकी साय धरते. कागदाच्या आत पातळ, मऊ प्लॅस्टिक असतं, तसली बघ."

मुलानं नमुने मागवले. नानांनी ते चाचपले, आत बोट फिरवून पाहिलं, दोन नापास केले. मग रोज संध्याकाळी बापलेक मांडी ठोकून बसू लागले. मुलगा तबकडी पुसून द्यायचा, नाना कव्हरात सरकवायचे आणि ती कुठून, कशी आणली ते सांगायचे. आईचा विषय निघाला की मुलगा मान खाली घालायचा. नानांना वाटायचं, पोराला भरून आलं. उशिरा का होईना, माणसात आलं.

शेवटचं खोकं भरलं आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ दारात हजर. मुलानं त्याला थेट नानांच्या खोलीत आणलं.

"वा! फोनवर म्हणालात तसाच माल आहे," गृहस्थ खूश होऊन म्हणाला. "अशा कव्हरांत असला की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं."

नानांनी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"जागेची किती अडचण होतेय, नाना. ऐकायला मोबाइल आहेच की."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

घर मुलाचं. दुसरीकडे पाठ टेकायला जागा नाही. नाना खोक्यांपुढून बाजूला सरकले. गृहस्थ खोकी आडवी रचायला लागला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"उभी ठेवा हो. आडव्या ठेवल्या की तबकड्या वाकतात."

संध्याकाळी मुलगा येऊन बसला. "रागावलात?"

नाना उठून गॅलरीत गेले.

खोक्यांच्या जागी सुनेनं चपलांचं कपाट आणलं. नाना आता जेवणाचं ताट खोलीतच मागून घेतात. कुणी पाहुणा आलाच, तर मुलगा आवाज उतरवून सांगतो, "आई गेल्यापासून फार घुमे झालेत हो. आम्ही आपलं सांभाळून घेतो."