सदतीस अंश

धाकटीला घरात सगळे वळवळी म्हणायचे. लहानपणी तिला एका जागी बसवणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं. आता ती छत्तिशीची होती, औषधांच्या प्रयोगशाळेत संशोधक होती, तरी वळवळ तसूभर कमी झाली नव्हती. उलट थोरली आजारी पडल्यापासून ती वाढलीच होती.

थोरली, म्हणजे ताई, लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बावीस वर्षं ती ओरडत आली होती. सहा महिन्यांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी तिच्या शिरेतून एक लाल औषध जायचं. ते गाठीला मारायचं, पण वाटेत केस, तोंडातली नाजूक त्वचा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांनाही सोडायचं नाही. आणि डॉक्टर म्हणाले होते, हृदयावर लक्ष ठेवावं लागेल. सुक्याबरोबर ओलंही जळत होतं.

धाकटी चार वर्षं याच औषधावर काम करत होती. चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्या बनवायच्या, त्यांना लायपोसोम म्हणतात, आणि औषध त्यांच्या पोटात कोंडायचं. गाठीच्या आसपासचा भाग रक्तापेक्षा जरासा आंबट असतो. रक्तात असेपर्यंत पिशवीनं तोंड मिटून राहावं आणि आंबटपणा लागताच उघडावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती दोन जातींची चरबी वापरायची. एक जात मुळात शिस्तीत उभी राहतच नाही. दुसरी तिला हाताला धरून उभी करते. आम्ल लागलं की दुसरीचा हात सुटतो आणि पिशवी फुटते.

"तुझ्या पिशव्या कधी येणार गं बाजारात?" ताई विचारायची.

"येतील."

आणखी दहा वर्षं तरी लागतील, हे धाकटीच्या जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची.

त्या बुधवारी सकाळी ती ताईकडे डोकावून कामाला निघाली होती. ताई पांघरूण घेऊन खुर्चीत बसली होती. धाकटीनं सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला.

"गरम लागतेयस."

"पांघरुणात बसलेय, गरमच लागणार. तू जा. उद्या तुझी ती बैठक आहे ना? माझ्यामागे नको लागूस."

बैठक खरंच मोठी होती. रुग्णालयाचे डॉक्टर येणार होते. पिशव्यांची प्राण्यांवर चाचणी सुरू करायची की नाही, हे तिथे ठरणार होतं. आणि सांगण्यासारखं होतंही. तिच्या नव्या पिशव्या शरीराच्या तापमानाला, सदतीस अंशांवर, दिवसभर रक्तद्रवात ठेवल्या तरी शंभरातले सहाच भाग औषध गळत होतं. आम्लात मात्र तासाभरात ऐंशी. विभागप्रमुखांनी, सगळे त्यांना सर म्हणत, ते आकडे आधीच मोठ्या अक्षरांत छापून घेतले होते.

प्रयोगशाळेत आल्यावर तिनं पिशव्यांच्या शेवटच्या नळ्या काढायला गरम पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. चिमटा सापडेना. दोन मिनिटं शोधायचा धीर तिला कुठला! तिनं सरळ हात पाण्यात घातला.

पाणी गार होतं.

अगदी गार नव्हे, पण सकाळच्या त्या कपाळाचा स्पर्श तळहातावर ताजा होता, आणि हे पाणी त्याच्या जवळपासही नव्हतं. टाकीच्या पडद्यावर ठळक लिहिलं होतं, सदतीस. तिनं कपाटातून साधा काचेचा थर्मामीटर आणला आणि पाण्यात धरला. पारा एकोणतिसावर थांबला. तिनं थर्मामीटर पुसून पुन्हा बुडवला. एकोणतीस.

यंत्रं दुरुस्त करणारे काका आले, वाकून बघत म्हणाले, "हा तापमान मोजणारा दांडा सरकून तापणाऱ्या नळीला टेकलाय. स्वतः भाजतोय आणि सांगतोय, सगळं पाणी तापलं म्हणून."

"कधीपासून?"

"महिना, दोन महिने? मला काय ठाऊक, बाई. कुणी तक्रारच केली नाही."

म्हणजे सगळे आकडे खोटे. थंड पाण्यात चरबी घट्ट राहते. पिशव्या गळल्या नव्हत्या कारण त्यांना कधी ऊब मिळालीच नव्हती. ती टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आली. मग एकदम थबकली. टाकीचा आकडा न मोजता मानला, तशीच सकाळी ताईची पांघरुणाची सबबही तिनं न मोजता मानली होती.

तिनं फोन लावला. "ताई, ताप मोज. आत्ता. मी फोन धरून उभी आहे."

पलीकडे बराच वेळ खुडबुड झाली. "अडतीस पूर्णांक आठ," ताई म्हणाली. तिचा आवाज एकाएकी लहान झाला होता.

पांढऱ्या पेशी कमी असताना ताप म्हणजे आगीशी खेळ. अर्ध्या तासात धाकटी ताईला घेऊन रुग्णालयात होती. नर्सनं रक्त घेतलं, सलाइन लावलं, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. तीनचार दिवस ठेवावं लागणार होतं. ताई झोपली, आणि धाकटी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. चालता चालताच तिनं काकांना निरोप दिला: टाकी नीट करा, शिल्लक पिशव्या खऱ्या सदतीसवर ठेवा. मग सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"उद्या अकराला लोक येतायत," सर म्हणाले. "हे पुढच्या आठवड्यात कळलं असतं तर बिघडलं असतं का?"

"आज कळलंय, सर."

"मग उद्या तुम्हीच उभ्या राहा आणि सांगा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईच्या पलंगापाशी घुटमळत होती. जावं की थांबावं? खुर्ची पुढे ओढायची, मागे सारायची.

"जा की," ताई म्हणाली. "इथं बसून तू काय माझा ताप हातानं उतरवणार आहेस?"

"ताई, ते आकडे चुकले. पिशव्या गळतात. आणि बरोबर असते तरी..." तिनं खुर्ची पुन्हा मागे सारली.

"तरी माझ्या वेळेला आल्या नसत्या. मला काय दूधखुळी समजतेस? मी विचारायचे, कारण त्यावर बोलताना तू पाच मिनिटं तरी एका जागी बसायचीस. चल, नीघ."

बैठकीत धाकटीनं उभं राहून सगळं सांगितलं. काकांनी खऱ्या सदतीस अंशांवर ठेवलेल्या पिशव्यांचा आकडा प्रयोगशाळेतल्या सहकारिणीनं पहाटेच मोजून कळवला होता: एका रात्रीत एक्केचाळीस भाग गळती. खोलीत कागदांची सळसळ झाली. सर खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे जवळपास निम्मं औषध वाटेतच सांडणार," एक वयस्क डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तुमच्या हातात आज काही नाही."

"नाही."

"हे आम्हाला न सांगताही चाललं असतं. प्राण्यांवर कळलंच असतं कधीतरी."

"कळायला वर्ष गेलं असतं. आणि तेव्हा चूक कुठे झाली ते न कळून आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो."

बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. चाचणी रद्द झाली. सर तिच्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलले.

पुढचे आठ महिने तिनं चरबीचं प्रमाण बदलण्यात घालवले. हाताला धरणारी जात वाढवली की पिशव्या ऊब सोसायच्या, पण आम्लातही तोंड उघडायला तयार नसायच्या. कमी केली की पुन्हा गळती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! चिडून ती जिन्यावरून वरखाली करायची, परत यायची, पुन्हा नवं मिश्रण लावायची. आता दर सकाळी ती आधी टाकीत थर्मामीटर बुडवायची, मगच बाकीचं. सत्ताविसाव्या मिश्रणाला गळती नऊवर आली आणि आम्लात पिशव्यांनी पासष्ट भाग सोडले. सरांनी ते आकडे तीनदा करून घेतले, दोन वेगळ्या टाक्यांत. मग स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला.

ताईचे उपचार त्या साध्या लाल औषधावरच संपले होते. गाठ गेली. हृदय थोडं थकलं. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते, आणि विचारलं तर म्हणते, सिग्नल लागलाय. शिकवणी ती आता सकाळपुरतीच घेते.

उंदरांवरची पहिली चाचणी वसंतात झाली. दहापैकी सहांच्या गाठी आक्रसल्या, आणि सहाही उंदरांची हृदयं तपासणीत ठणठणीत निघाली. चौघांच्या गाठींवर काहीच परिणाम नव्हता.

"सहा म्हणजे चांगलंच की," ताई फोनवर म्हणाली. "मग रडक्या आवाजात काय बोलतेस?"

"त्या चौघांच्या गाठी पुरेशा आंबट नव्हत्या की पिशव्या तिथवर पोचल्याच नाहीत, तेच कळत नाहीये."

"मग बघ जा. माझं डोकं नको खाऊस, माझा विद्यार्थी रिव्हर्स घेतोय. अहो, आरशात बघा, आरशात!"

फोन कट झाला. धाकटीनं हातमोजे चढवले आणि चौघांतल्या पहिल्या उंदराच्या नोंदी काढायला घेतल्या.