चुइ-पेकनंतर कोण

टेबलावर दोन कॅमेरे होते आणि त्यातला एक माझ्या सासऱ्यांनी बनवलेला होता. कॅमेरा म्हणजे फोटोवाल्याच्या गळ्यात असतो तसला नव्हे. काडेपेटीहून लहान उघडी पट्टी, पुढे भिंग, मागे यूएसबीची केबल. या दोनांतून एक निवडायचा होता. आमच्या कारखान्याची खरेदी मी बघते, तेव्हा निवडायचाही मीच.

आमचं कांगशान म्हणजे तैवानमधलं स्क्रूंचं गाव. इथे ज्याचा स्वतःचा स्क्रूचा कारखाना नाही, त्याच्या मेव्हण्याचा तरी असतोच. आम्ही स्क्रू बनवत नाही, स्क्रू पारखणारी मशीनं बनवतो. फिरत्या काचेच्या तबकडीवर एकामागून एक स्क्रू येतात, वरून, बाजूने आणि काचेखालून कॅमेरे त्यांचे फोटो काढतात, आणि जो वाकडा निघेल त्याला हवेची फुंकर मारून बाहेर उडवतात. स्क्रू पळत असतो, म्हणून साधा कॅमेरा इथे कामाचा नाही. साधा कॅमेरा चित्र वरून खाली ओळी-ओळीने घेतो आणि तोवर स्क्रू पुढे सरकलेला असतो. मग सरळ स्क्रू तिरका दिसतो आणि चांगला माल भंगारात जातो. आम्हाला लागतो तो अख्खं चित्र एका दमात घेणारा.

"चालव तबकडी. बघू कोणाचं नशीब उजळतं," थाउके म्हणाले. थाउके म्हणजे मालक. त्यांचं आडनाव ल्यू, पण आडनावाने त्यांना फक्त बँकेतली माणसं हाक मारतात. गालात सुपारीचं पान आणि तोंडात कायम कोणाची तरी टवाळी.

मी तबकडी पूर्ण वेगात चालवली. ताइनानच्या कंपनीचा कॅमेरा चांगला होता. मधले स्क्रू स्वच्छ दिसत, कडेचे जरा पुसट. त्यांचा पान नावाचा विक्रेता, इस्त्रीच्या शर्टातला नम्र मुलगा, अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आला होता आणि कडाही सुधारून देतो म्हणाला होता. मग सासऱ्यांचा कॅमेरा लावला. स्क्रू जागच्या जागी उभे असावेत तसे दिसले. मधले काय नि कडेचे काय, आटे मोजून घ्यावेत.

"जिंकले चुइ-पेक," थाउके म्हणाले. "आणि हीच तर पंचाईत आहे."

गावात सासऱ्यांना सगळे चुइ-पेक म्हणतात. पेक म्हणजे थोरले काका. पंचाईत अशी होती की मशीनं घेणाऱ्या जर्मन लोकांनी एक अट घातली होती. दहा वर्षं हाच कॅमेरा मिळाला पाहिजे. मध्येच बदलला तर मशीन पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, पुन्हा मंजूर करायचं. पानची कंपनी दहा वर्षांचं लिहून द्यायला तयार होती. चुइ-पेक त्र्याहत्तरचे होते.

"त्यांच्यानंतर कोण, हे विचारायला हवं," थाउके म्हणाले. "तू चल माझ्याबरोबर. ज्याचा पोरगा गेलाय त्या म्हाताऱ्याला हे एकट्याने विचारून मला नरकात जागा नकोय."

"चालेल," मी म्हणाले.

त्या काळात मी सगळ्यालाच चालेल म्हणत असे. मिंग-ता, माझा नवरा, आदल्या वर्षी हायवेवर रेतीच्या ट्रकखाली स्कूटरसकट गेला. तेव्हापासून मला काही वाटत नव्हतं. लोक म्हणत, वान-रू फार खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तशी अख्खी मीच मला माझी वाटत नव्हते. भटजी म्हणाले त्याच्या नावाने सोनेरी कागद जास्त जाळा, मी म्हटलं चालेल. शेजारीण म्हणाली त्याचे कपडे देऊन टाक, मी म्हटलं चालेल. आमच्याकडे आईबापांआधी पोरगं गेलं तर तो त्याचा गुन्हा मानतात. बापाने काठीने शवपेटीवर मारून त्याला रागवायचं असतं. पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काठी उचलली आणि दार वाजवावं तशी हलकेच टेकवली. सगळे ढसाढसा रडले. काठीच्या टोकाला नवं रबर लावलंय, एवढंच मला दिसलं.

पांच्या कारखान्यात मी लग्नाआधी कामाला होते. भिंग हाताने फिरवत राहायचं, चित्र अगदी धारदार झालं की थांबायचं आणि गोंदाचा एक थेंब सोडायचा. माझा हात चांगला होता. मिंग-ता तिथेच भेटला. लग्नानंतर मी थाउकेंकडे आले, कारण घरातली सगळी अंडी एका टोपलीत नकोत असं पा म्हणाले होते. आता त्यांच्याकडे चार बायका कामाला होत्या आणि जो काय माल निघे तो बहुतेक आमच्याकडेच येई. आमची ऑर्डर गेली की त्यांनी शटर ओढायचं, हे मला ठाऊक होतं, थाउकेंनाही ठाऊक होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

भातखाचरांच्या मध्ये पत्र्याची शेड, मागे घर. आम्ही गेलो तेव्हा पा चहाच्या टेबलाशी बसले होते. कपांवर गरम पाणी ओतत ते म्हणाले, "ये, पोटल्या. वजन वाढलं की पँट आटली?"

"दोन्ही, पेक. बायको धुते ना, आटवून आटवून जीव घेते माझा," थाउके बसत म्हणाले. अख्ख्या कांगशानमध्ये थाउकेंना पोटल्या म्हणणारा हा एकच माणूस.

मग थाउकेंनी बोकडाच्या रश्श्याचा विषय काढला. कोणाचा रस्सा आता पूर्वीसारखा राहिला नाही, कोणाच्या पोराने दुकान विकून मोबाइलची कव्हरं लावलीत. 'पोरगा' शब्द तोंडातून गेला तशी त्यांची जीभ अडली आणि ते मधमाश्यांवर घसरले. मी बाजूला बघत होते. कॅमेरे तपासायच्या मशीनवर नारळाच्या खाऊची हिरवी पिशवी होती. आमच्याकडे सगळ्याच मशीनांवर ती ठेवतात, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. तारीख उलटली की लगेच बदलायची, नाहीतर मशीन रुसतं. या पिशवीची तारीख केव्हाच उलटली होती. बदलायचं काम मिंग-ताचं असे. मशीन मात्र बिनतक्रार चालत होतं.

थाउके मधमाश्यांवरून मधावर आले. म्हटलं, हा माणूस आता फुलांपर्यंत जाणार.

"पा," मी म्हणाले, "जर्मन लोकांना दहा वर्षं हाच कॅमेरा हवाय. तुमच्यानंतर कोण, असं विचारतायत."

चारी बायकांचे हात थांबले. मला त्याचंही काही वाटलं नाही. हवामान विचारावं तसं मी विचारलं होतं.

पांनी तिघांच्या कपांत चहा ओतला, एक थेंब इकडेतिकडे न करता. मग हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

"ही," ते म्हणाले.

थाउकेंनी मांडीवर थाप मारली. "अगं मग हे आधी नाही का सांगायचं! मी इथे घाम गाळतोय, मधमाश्या पाळतोय! वान-रू करणार असेल तर प्रश्नच मिटला. हिचा हात मला माहीत नाही का? पेक, तुम्ही पण ना, पक्के मुरलेले. शेवटचा पत्ता हातात धरून बसलात!"

पा किटलीकडे बघत बसले. त्यांनी मला विचारलं नव्हतं. घरी नाही, मिंग-ताच्या वर्षश्राद्धाला नाही, कधीच नाही. जसं त्यालाही विचारलं नव्हतं.

मिंग-ताला हे काम नको होतं. हे फक्त मला माहीत होतं. त्याला ताइतुंगला जायचं होतं, समुद्राच्या बाजूला, आणि सकाळच्या न्याहारीचं दुकान टाकायचं होतं. सोयाबीनचं दूध, अंड्याच्या पोळ्या. पोळ्या त्याला धड येत नसत, उलटताना फाटत. रात्री स्वयंपाकघरात बसून तो म्हणे, पुढच्या वर्षी सांगतो पांना. दर वर्षी म्हणे, पुढच्या वर्षी. मी म्हणे, तू म्हातारा होशील आणि तुझी दाढ पडेल तेव्हा सांग. तो हसे. आणि सकाळी स्कूटर काढून इथे येई.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. बधिर माणसाला हो म्हणायला काय लागतं? चार बायकांचं काम राहिलं असतं, पांची शेड राहिली असती, थाउके खूश. दहा वर्षांनी कोण कोणाला विचारायला येणार होतं? 'चालेल' माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"नाही, पा," मी म्हणाले. "मी नाही करणार."

माझं मलाच नवल वाटलं.

थाउके माझ्याकडे, मग पांकडे, मग कपाकडे बघायला लागले. "अगं, आत्ता कुठे कर म्हणतोय कोणी? नुसतं हो म्हण. कागदावर नाव लागतं, बस."

"नावही नको."

"बाई गं," थाउके पुटपुटले आणि उठले. "मी जरा सुपारी थुंकून येतो." ते शेडच्या दाराबाहेर गेले. सुपारी त्यांनी येतानाच गाडीत थुंकली होती.

पांनी किटलीतला चोथा काढला, नवी पत्ती घातली, पाणी ओतलं. मी वाट बघत होते, ते ओरडतील, नाहीतर गप्प बसतील. दोन्ही चाललं असतं.

"त्यानेही सांगितलं होतं मला," ते म्हणाले.

"कोणी?"

"मिंग-ताने. नववर्षाला. सगळे जेवून गेले होते, तू आत भांडी घासत होतीस. म्हणाला, पा, मला हे नकोय. ताइतुंगला जायचंय, न्याहारीचं दुकान काढायचंय." पांनी किटलीवर झाकण ठेवलं. "तुझ्या पोळ्या फाटतात, म्हटलं. तर म्हणे, शिकेन."

मला शब्दांचा अर्थ लागत होता, पण ते एकामागून एक जुळत नव्हते. तो मला म्हणायचा पुढच्या वर्षी सांगतो. नववर्षानंतरही म्हणत होता. मरायच्या आदल्या आठवड्यातही म्हणाला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जा. पण जरा थांब. तुझ्या जागी माणूस बघतो, मग जा." पांनी स्वतःचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तो म्हणाला, चालेल, पा. आणि माणूस मी बघितलाच नाही. थांबलाय ना, म्हटलं, थांबेल आणखी. उन्हाळ्यापर्यंत थांबेल. हा माल जाईपर्यंत थांबेल."

"त्याने मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हटलं होतं, वान-रूला इतक्यात बोलू नकोस. ती उद्याच सामान बांधायला घेईल."

बापाचा शब्द राखायचा म्हणून हा गाढव रोज रात्री माझ्यासमोर बसून खोटं बोलत होता. आणि मी त्याला दाढेवरून चिडवत होते, भित्रा म्हणत होते. तो भित्रा नव्हता. सांगून मोकळा झाला होता आणि मुकाट्याने थांबला होता. माझ्या आत काहीतरी उसळलं. तो राग होता. इतके महिने मला काही झालं नव्हतं, म्हणून मी त्याला ओळखलंच नाही.

"बांधलंच असतं!" मी ओरडले. "त्याच रात्री बांधलं असतं सामान, पा! ताइतुंगला असतो आम्ही! पोळ्या फाडत बसला असता तो आज, जिवंत असता!"

चारी बायका उठून उभ्या राहिल्या. थाउके धावत दारात आले आणि तिथेच थबकले. माझ्या हाताखाली कप आडवा झाला होता, चहा टेबलाच्या खाचेतून वाहत होता, आणि माझं तोंड वेडंवाकडं होऊन मी रडत होते, कशीतरीच, लहान पोरासारखी, नाक गाळत. पांनी मला गप्प केलं नाही. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला नाही.

"हो," ते म्हणाले. "असता."

मग मला म्हणाले, "तू थांबू नकोस." आणि दारातल्या थाउकेंकडे न बघता म्हणाले, "पोटल्या, ऑर्डर ताइनानवाल्यांना दे. माझ्यानंतर कोणी नाही."