पंधरावी काठी

मी गोल्फची बॅग बोलतेय. उभी केली तर तुमच्या कमरेपर्यंत येईन. रंग गडद निळा, पट्टा रुंद, एका बाजूला चेंडूंचा खिसा, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटलीचा. पोटात चौदा कप्पे, एका काठीला एक. स्पर्धेत बॅगेत चौदाच काठ्या चालतात, पंधरावी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे वाटोळं झालं ते याच नियमापायी. माझं कसलं म्हणा, मी आपली बॅग. झालं ते तिचं.

एका कारखान्यात लांबच लांब टेबलावर माझा जन्म झाला. माझा पट्टा जिनं शिवला ती बाई दिवसभर पट्टेच शिवायची. अख्खी बॅग कशी दिसते हे तिनं कधी पाहिलंही नसेल. पण टाके असे घातले होते की आजतागायत एक उसवलेला नाही. तिथून मी दुकानात आले आणि काचेआड चार महिने उभी राहिले.

मला विकत घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरांच्या बायकोनं. नवऱ्याला पन्नास पूर्ण झाली होती, पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडायला लागलं होतं. "दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसता," ती म्हणाली, "जरा मोकळ्या हवेत चाला." डॉक्टर खूश झाले. मला त्यांनी तीनदा उचलून पाहिलं, आरशासमोर खांद्यावर घेऊन उभेही राहिले. त्यानंतर मात्र त्यांनी मला कधी खांद्यावर घेतलं नाही. त्यासाठी गोल्फच्या मैदानावर माणसं असतात. कॅडी म्हणतात त्यांना. खेळणारा मोकळ्या हातांनी चालतो, कॅडी बॅग वाहतो आणि कुठल्या फटक्याला कुठली काठी हवी तेही सांगतो.

माझ्या नशिबी आली ती कॅडी बाई होती. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी. सगळे तिला मोजणी म्हणायचे, कारण प्रत्येक होल संपला, म्हणजे चेंडू त्या खड्ड्यात गेला, की ती माझ्यातल्या काठ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवून मोजायची. एखादी काठी गवतात राहून गेली असं तिच्या हातून कधी झालं नाही. आधी तिचा नवराच तिथे बॅगा उचलायचा. ओझ्यानं त्याचे गुडघे गेले आणि तो घरी बसला, तशी ती आली.

त्याआधी सहा वर्षं तिनं त्याच मैदानावर तण काढलं होतं. होलभोवतीची जी बारीक कापलेली हिरवळ असते ना, तिच्यावर गुडघे टेकून, हातात छोटी सुरी घेऊन. त्यामुळे कुठली हिरवळ कुठे किती उतरते हे तिला नकाशा न बघता कळायचं. डॉक्टर वाकून वाकून अंदाज घ्यायचे आणि ती मागून म्हणायची, "साहेब, डावीकडे दोन बोटं. दिसायला सपाट आहे, पण चेंडू पळेल." चेंडू पळायचाच.

चार वर्षांत डॉक्टरांचा खेळ पालटला. मित्रांना ते कौतुकानं सांगायचे, "आमच्या मोजणीचे डोळे म्हणजे डोळे!" तीही हसायची. मला वाटतं, ते तिला खरंच आवडायचे. पाणी प्यायचे तेव्हा बाटली आधी तिच्यापुढे धरायचे. वाईट माणूस कसा असतो ते ओळखणं सोपं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या वर्षी मैदानाच्या कमिटीला कॅडींवर एक मुकादम नेमायचा होता. पक्की नोकरी, सावलीत खुर्ची, आजारपणाची रजा. डॉक्टर कमिटीवर होते. "तुझंच नाव सुचवतो," ते तिला म्हणाले. "सुट्टीतली स्पर्धा होऊ दे, लगेच बैठक आहे." त्या दिवशी घरी जाताना तिनं मला खोलीत ठेवलं, बाहेर गेली, परत आली आणि माझ्यावरची धूळ पुन्हा एकदा पुसली. पुसायला धूळ नव्हतीच.

स्पर्धेचा दिवस उजाडला तो लख्ख उन्हाचा. सुट्टी असल्यामुळे माणसं घरदार घेऊन आली होती. पांढरे तंबू, रंगीत छत्र्या, बर्फ घातलेलं सरबत. बायकांच्या टोप्या वाऱ्यानं उडत होत्या आणि उडालेल्या टोपीमागे कुणाचे तरी मेहुणे धावत होते. गवत आदल्या दिवशीच कापलेलं, त्याचा वास सगळीकडे. खोटं कशाला बोलू, मलाही तो दिवस फार सुंदर वाटला.

मोजणीनं सकाळीच काठ्या मोजल्या. चौदा. मग डॉक्टर म्हणाले, "आमच्या बाईसाहेबांची खुर्ची गाडीतच राहिली बघ, तेवढी आणून दे." ती गेली. तेवढ्यात डॉक्टर मैदानावरच्या दुकानात शिरले आणि नवा कोरा पटर घेऊन आले. पटर म्हणजे हिरवळीवर चेंडू अलगद होलमध्ये ढकलायची काठी. दुकानदारानं तो वापरून बघायला दिला होता. डॉक्टरांनी सरावाच्या हिरवळीवर चार-पाच चेंडू ढकलले. सगळे आत गेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो पटर माझ्यात खुपसला, जुन्या पटरच्याच कप्प्यात. दोन दांडे एकमेकांवर घासले. मला ते आतून टोचलं.

पहिल्या होलवर नाव पुकारलं तेव्हा मोजणी धापा टाकत परत आली. सवयीनं बोट फिरवलं आणि थबकली.

"साहेब, पंधरा आहेत," ती हळूच म्हणाली. "एक जास्त झाली. पळत जाऊन दुकानात देऊन येते."

"आता कुठे जातेस? नाव पुकारलंय."

"नियम आहे साहेब."

"अगं, कोण मोजतंय तुझ्याशिवाय?" डॉक्टर हसले. "झाकण ओढून घे, चल."

तिनं पावसापासून वाचवणारं माझं झाकण ओढलं. उन्हातान्हात झाकण घातलेली बॅग पाहून कुणाला नवल वाटायला हवं होतं. कुणाला वाटलं नाही.

त्या दिवशी डॉक्टर जन्मात खेळले नसतील असं खेळले. नवा पटर हातात बसला होता आणि उतार मोजणी सांगत होती. लोक टाळ्या वाजवत होते. बरोबर खेळणारे वकीलसाहेब चिडून काठी गवतावर आपटत होते. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे; निम्मे होल झाल्यावर डॉक्टर तीन फटक्यांनी पुढे होते. झाडाखाली पाणी पिताना मोजणीनं पुन्हा विषय काढला.

"साहेब, आता तरी सांगून टाका. चार फटक्यांचा दंड बसेल. उरलेल्या नऊ होलांत भरून काढू की, मी आहे ना. पण माहीत असून लपवलं आणि शेवटी फटक्यांच्या कार्डावर सही केलीत, तर स्पर्धेतूनच काढतील."

"तू बॅग उचल," डॉक्टर म्हणाले. बाटली या वेळी त्यांनी तिच्यापुढे धरली नाही.

डॉक्टर पाच फटक्यांनी जिंकले. कार्डावर सही झाली. बायकोनं सगळ्यांदेखत त्यांचा हात हातात घेतला. आणि नेमका तेव्हाच दुकानदार हसतमुखानं पुढे आला. "अभिनंदन साहेब! सकाळी नेलेला पटर लाभला म्हणायचा. ठेवून घेताय ना?"

वकीलसाहेबांनी मान वळवली. "सकाळी? केव्हा सकाळी?"

"खेळ सुरू व्हायच्या आधी," दुकानदार बिचारा सरळपणे बोलून गेला.

वकिलांनी माझं झाकण उघडलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. बारा म्हणेपर्यंत आजूबाजूचं हसणंबोलणं थांबलं. पंधरा म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर ऊन पडलेलं असूनही मी गारठले.

डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग क्षणभरच उडाला. मग कपाळाला हात लावून ते म्हणाले, "अरे देवा! मी तिला परत देऊन ये म्हणून सांगितलं होतं. विसरली वाटतं."

कमिटी लगेच बसली. गोष्ट सरळ होती. डॉक्टरांना खरोखर माहीत नसेल, तर नुसता चार फटक्यांचा दंड. म्हणजे एका फटक्यानं का होईना, चषक त्यांचाच. माहीत होतं असं ठरलं, तर बाद. आणि ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. मला पुरावा म्हणून आत न्यायचं होतं, आणि न्यायची होती तिनंच. खोलीबाहेरच्या बोळात डॉक्टरांनी तिला गाठलं.

"फक्त विसरले म्हण," ते कुजबुजले. "एवढंच. मुकादमाची जागा तुझीच, शब्द देतो. नवऱ्याच्या गुडघ्यांचंही बघतो मी, माझ्या ओळखीचे सर्जन आहेत."

"साहेब, मी आजवर एक काठी विसरलेली नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर एक दिवस विसरलीस तर बिघडलं कुठे?"

ती माझा पट्टा धरून उभी राहिली. मग तिनं मला उचललं आणि आत गेली.

आत तीन खुर्च्या, एक पंखा, टेबलावर पाण्याचे पेले. अध्यक्षांनी विचारलं, "पंधरावी काठी बॅगेत आहे हे डॉक्टरांना माहीत होतं?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "माझ्याकडून राहिली. विसरले मी."

मला वाचा असती तर मी ओरडले असते. पण पोट भरून हत्यारं असली तरी बॅगेला तोंड नसतं.

डॉक्टरांना चषक मिळाला, फोटो निघाले. तिला कामात हयगय केली म्हणून दोन महिने मैदानाबाहेर काढलं. आठवड्याभरानं कमिटीची बैठक झाली. मी डॉक्टरांच्या खुर्चीला टेकून उभी होते. मुकादमाच्या नेमणुकीत तिचं नाव निघालं ते दुसऱ्याच कुणाकडून. अध्यक्ष हसून म्हणाले, "जिला चौदा काठ्या मोजता येत नाहीत, तिला ऐंशी कॅडी मोजायला ठेवायचं? काय डॉक्टर?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. एक वाक्य पुरेसं होतं. पण त्या वाक्यासाठी चषक परत करावा लागला असता.

"नाही, बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी ती परत आली, तर कुणी तिच्या खांद्यावर बॅग देईना. पंधरा दिवस ती फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिली. दुसरे कॅडी जाता-येता म्हणायचे, "काय मोजणी, आज किती?" सोळाव्या दिवशी ती आली नाही.

घरी बाईसाहेबांनी एकदाच विषय काढला. "अहो, खुर्ची आणायला मी तिला पाठवलं नव्हतं. मला खुर्ची नकोच होती." डॉक्टर टीव्ही बघत राहिले. बाईसाहेब चषकाजवळच्या फुलदाणीतलं पाणी मात्र रोज बदलत राहिल्या.

मग डॉक्टरांनी नवी बॅग घेतली आणि ड्रायव्हरच्या हाती मला तिच्या घरी धाडलं. रिकामी. सोबत निरोप, 'साहेबांनी भेट दिलीय.' एका खोलीचं घर. नवरा खाटेवर पाय लांब करून बसला होता. गुडघ्यांना तसेच जुने पट्टे.

"काठ्यांशिवाय हिचं काय करायचं?" त्यानं विचारलं. "छत्र्या ठेवू या का हिच्यात?"

एव्हाना ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायला जात होती. आठ दिवस मी कोपऱ्यात उभी होते. एकदाही तिनं मला हात लावला नाही. नवव्या दिवशी तिनं मला खांद्यावर टाकलं आणि चालत निघाली. इतकी हलकी मी तिच्या खांद्यावर कधीच नव्हते, तरी ती मधेमधे थांबत होती.

दवाखान्यात सात-आठ पेशंट गाल धरून बसले होते. डॉक्टर पुढच्याला बोलवायला बाहेर आले आणि तिला पाहून थबकले.

"अगं तू? ये ना, बस. कशी आहेस?"

तिनं मला त्यांच्या पायाशी उभं केलं. आवाज चढवला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं.

"साहेब, मी विसरले नव्हते. खोटं बोलले, ती चूक माझी. पण विसरले नव्हते. एवढं एकदा तुमच्या तोंडून निघू दे."

सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. त्यांनी तोंडावरचा मास्क नीट केला. "हिची तब्येत बरी नसते हल्ली," ते पेशंटांना म्हणाले आणि हातातल्या यादीत पाहिलं. "हं, पुढचं कोण?"

एक म्हातारे गृहस्थ उठले. ती जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

तेव्हापासून मी इथे दवाखान्याच्या जिन्याखाली आहे. शेजारी मोडकी खुर्ची, गळका पंप, जुन्या मासिकांचे गठ्ठे. पट्टा अजून शाबूत आहे. कुणीतरी मला उचलून नेईल, कुणाच्या तरी सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा उन्हात उभी राहीन. ज्यांना मी मिळेन त्यांना एवढंच सांगणं आहे. माझ्यात हवं ते भरा, कुणालाही देऊन टाका, जाळून टाका. फक्त भेट म्हणून पुन्हा तिच्या दारात पाठवू नका. तिनं मला पुरेसं वाहिलंय.