पाणी न दिलेला शाफ्ट

बंडलमामाला बंडलमामा म्हटलेलं चालायचं. कारखान्यात छत्तीस वर्षं त्यानं भट्टीखात्यात काढली, आणि तेवढ्या काळात पोलादापेक्षा गप्पाच जास्त तापवल्या, असं त्याचा जुना सोबती वेल्डर म्हणायचा. मामाच्या सांगण्याप्रमाणे त्यानं एकदा क्रेनच्या हुकाला लटकून डबा खाल्ला होता, आणि एकदा मोठ्या साहेबांच्या टकलावर पडलेली ठिणगी फुंकर मारून विझवली होती, तीही दुसऱ्या मजल्यावरून. ऐकणारे हसायचे, मामा फुगायचा, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र दाजींच्या रणगाड्याची.

दाजी म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. यंत्रांची ड्रॉइंगं काढणारा, मोजकं बोलणारा, दिवसातून वीस वेळा पेन्सिलीला टोक करणारा माणूस. सात वर्षं खपून त्यांनी घराच्या मागच्या खोलीत एक रणगाडा बांधला होता. पाच फूट लांब, नव्वद किलो वजनाचा, अख्खा धातूचा, रिमोटवर चालणारा. पट्ट्याची एकेक कडी हातानं कापलेली. बुरूज फिरायचा, तोफ खालीवर व्हायची. मॉडेलवाल्यांच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा मैदानात उतरला, दहा फूट गेला, आतून कडाड असा आवाज आला आणि उजवा पट्टा जागीच थांबला. डावा चालूच. रणगाडा गिरकी घेत फुलांच्या कुंड्यांत घुसला.

मामाच्या गोष्टीत कुंड्या आधी चार होत्या, पुढे चौदा झाल्या. अध्यक्षांचा केसांचा टोप तोफेच्या टोकाला अडकून मैदानभर मिरवायला लागला. शेवट मात्र कधी बदलला नाही. "दाजींचं गणित कच्चं हो. मोटार हत्तीची आणि शाफ्ट उंदराचा." हे तो दर रविवारी ताईच्याच घरी, ताईचाच चहा पीत, दाजींच्या समोर बसून सांगायचा. दाजी चष्मा पुसत हसायचे. रणगाड्यावर टाकलेली ताडपत्री त्यांनी अकरा वर्षांत एकदाही काढली नाही. मागच्या वर्षी दाजी गेले.

ताडपत्री काढली ती भाचीनं. भाची लिफ्ट दुरुस्त करायची. अडकलेल्या माणसांना बाहेर काढून काढून तिचा आवाज खणखणीत झाला होता.

"मामा, प्रदर्शनाला दीड महिना आहे. बाबांचा रणगाडा चालवून दाखवायचाय. बाबांचं नाव काढलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. ती पुसायची आहे."

"कुठली गोष्ट?"

"तुझीच."

मामानं खोकल्यासारखं केलं आणि बाह्या सरसावल्या.

रणगाड्याची दशा बघवत नव्हती. बॅटऱ्या फुटून तेजाबानं तळ खाल्ला होता. बेअरिंगं गंजून अशी धरली होती की हातोडीलाही दाद देईनात. पट्टे सोडवून रॉकेलच्या टबात बुडवले, कडी न् कडी तारेच्या ब्रशनं घासली. भाचीनं वायरी उपटून नव्या टाकल्या. मामा खुशीत होता. हाताला काम आणि समोर ऐकणारं माणूस, त्याला आणखी काही लागायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी भाची जाड केबल आणायला गेली. मामानं बुरूज उतरवला आणि उजव्या मोटारीशी हात घातला. मोटारीकडून पट्ट्याच्या दात्यांच्या चाकाला जोर पोचवणारा शाफ्ट जागेवर नव्हताच. बॅटरीच्या खणाखाली तेलकट कागदाचं पुडकं होतं. उघडलं तर आत दोन शाफ्ट. एक नवा कोरा. दुसरा पिळून निघालेल्या टॉवेलसारखा वळलेला, आणि त्याच्या अंगावर फाईलच्या, म्हणजे कानशीच्या, तीन खोल खाचा.

मामा स्टुलावर बसला.

तो पिळलेला शाफ्ट त्यानंच कारखान्यातून आणून दिला होता. दाजींनी घडवून त्याच्या हाती सोपवला होता, पाणी द्यायला. पाणी द्यायचं म्हणजे पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम तेलात बुडवायचं. त्यानं ते कडक होतं, फाईल त्याच्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरते. न दिलं तर ते मऊ राहतं, जोर आला की पिळतं. हे मामाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी मामा चहाच्या टपरीवर क्रेनच्या हुकाची गोष्ट सांगत बसला. ऐकायला नवी माणसं होती, हुकावरून उतरणं जमेना. परत आला तर भट्टी विझवलेली. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. मग पाणी दिल्यासारखा दिसावा म्हणून त्यानं गॅसच्या दिव्यानं शाफ्ट वरवर काळा केला, तेल चोळलं आणि दाजींच्या हातात ठेवला. "दाजी, असं पाणी दिलंय, सात पिढ्या टिकेल."

फाईलच्या तीन खाचांचा अर्थ सरळ होता. दाजींनी घासून बघितलं होतं. त्यांना कळलं होतं, बारा वर्षांपूर्वीच. मग त्यांनी नवा शाफ्ट केला, दुसरीकडून पाणी देऊन आणला, आणि बसवला नाही, तसाच आत ठेवून वर ताडपत्री टाकली. बसवला असता तर रणगाडा चालला असता. चालला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मग आधी काय झालं होतं?

आणि ते दर रविवारी चष्मा पुसत हसत होते.

मामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत कुणी नसूनही त्यानं मान वर केली नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. पिळलेला शाफ्ट खिशात गेला, नवा हातात राहिला.

"हा कुठला?" भाचीनं विचारलं.

"मी करून आणला," मामाच्या तोंडून निघून गेलं. "जरा जाड घेतला."

भाचीनं माप घ्यायला व्हर्नियर लावला, ड्रॉइंग उलगडलं. "मामा, हा तर बाबांच्याच मापाचा आहे. केसाचाही फरक नाही."

"पोलाद वेगळं आहे," मामा म्हणाला, आणि वाकून नसलेला बोल्ट शोधू लागला.

पुढचे तीन आठवडे त्यानं एकही गोष्ट सांगितली नाही. भाचीला वाटलं, वय झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी रणगाडा अर्धा तास चालला. फळीच्या चढावर चढला, वाळू तुडवली, जागच्या जागी फिरून तोफ झुकवून सलाम केला. अध्यक्ष माइकवर आले, यंदाही स्वतःच्या केसांनिशी. ते म्हणाले, "मूळ गणितात जी चूक राहिली होती, ती आमच्या मामांनी दुरुस्त केली." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ताई होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि शेजारणीला म्हणत होती, "ह्यांचं गणितच जरा कच्चं होतं हो."

मामाचं वाक्य. त्यानंच तिच्या घरी रविवारी रविवारी नेऊन ठेवलेलं.

मामा माइकपाशी गेला. खिशातून पिळलेला शाफ्ट काढला. "गणित बरोबर होतं," तो म्हणाला. "मी ह्याला पाणी दिलं नव्हतं. दिलं म्हणून सांगितलं. आणि आतला नवा शाफ्ट दाजींचाच आहे, माझा नाही."

मैदानात हशा पिकला. "आली, नवी आली," कुणीतरी ओरडलं. "मामा, त्या वेळी क्रेनवर होतास ना?"

"ही गोष्ट नाही," मामा म्हणाला, तर हशा दुप्पट झाला. उभ्या आयुष्यात त्यानं इतकं हसवलं नव्हतं. त्यानं गर्दीतल्या वेल्डरला हाक मारली आणि हत्यारांच्या पेटीतली फाईल त्याच्या हातात दिली. "तू घास. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, बरोबरच आहे."

वेल्डर हसत हसतच पुढे आला. एक हात मारला. फाईल घसरली नाही, चावली. चकचकीत कीस माइकच्या टेबलावर पडला. वेल्डरनं दुसरा हात मारला, मग फाईल खाली ठेवली. "लोण्यासारखा आहे," तो हळूच म्हणाला, पण माइक चालू होता. पुढची माणसं गप्प झाली, मग मागची. भाचीनं रिमोट बंद केला आणि मामाकडे न बघता वायरी गुंडाळायला लागली.

रणगाडा टेम्पोत चढवताना मामानं एक बाजू धरली. कुणी धर म्हटलं नव्हतं, कुणी सोड म्हटलं नाही. ताई टेम्पोच्या पुढे उभी होती.

"ताई, तुला माहीत होतं?"

"नाही. मलाही नाही सांगितलं त्यांनी." ती मामाकडे वळली. "त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, सात वर्षं घालवलीत, निदान हिशेब तरी नीट करायचा. ते म्हणाले, हो, चुकलं. बारा वर्षं मी ते धरून बसले."

मामाला तिच्या चपलांपलीकडे काही दिसेना.

"रविवारी येऊ नको का आता?"

"येणार नाहीस तर कुठे जाशील? ये," ताई म्हणाली. "आणि तीच गोष्ट सांग. कुंड्या चौदा कर, टोप उडव, काय हवं ते कर. फक्त शेवट बरोबर सांगायचा. दर वेळी."

तेव्हापासून मामा रविवारी येतो. टोप तोफेवर चढतो, कुंड्या आता वीसेक झाल्यात, पाहुणे पोट धरून हसतात. भाची दाराशी हाताची घडी घालून शेवटापर्यंत थांबते. रणगाडा गिरकी घेऊन थांबला की मामा कप खाली ठेवतो. एवढा बोलघेवडा माणूस, पण पुढची दोन वाक्यं त्याला अजून बशीकडे बघूनच सांगावी लागतात.