तुरीच्या रंगाचं बटण

ज्या वर्षी तुरीनं वऱ्हाडातली घरं भरली आणि बाजारानं तिच्याकडे पाठ फिरवली, त्याच वर्षी तिवशाच्या आशाबाईंनी बायकांचा गट जमवून डाळ भरडायला घेतली. "तूर कोणी घेत नाही, पण वरण तं सारेच खातात," असं त्यांचं म्हणणं. डाळ पार अकोल्यापर्यंत विकायची म्हणून वेबसाइट हवी होती. ते काम अमरावतीच्या तुबाकडे आलं. ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती आणि घरच्या माडीवर लॅपटॉप मांडून बसायची.

तुबानं इंटरनेटवरची एक तयार लायब्ररी घेतली. बटणं, रकाने, चौकटी, सगळं आयतं. पान झटक्यात उभं राहिलं. आशाबाईंनी ते मोबाइलवर पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे मागणीचं बटण निळं काहून व? बँकेत आल्यावाणी वाटते. माह्या डाळीचा रंग दे त्याले."

"देते न काकू. रंगच तं हाय."

पण बटण हट्टी निघालं. तुबानं पिवळा रंग लिहिला, बटण निळंच. दुसऱ्या जागी लिहिला, तरी निळंच. लायब्ररीचा नियम तिच्या नियमाला जुमानेना. शेवटी चिडून तिनं रंगापुढे 'इम्पॉर्टंट' हा शब्द ठोकला. त्याच्यापुढे भल्याभल्या नियमांचं चालत नाही. बटण पिवळंधमक झालं. आशाबाई खूश, तुबा त्याहून खूश.

डाळ भराभर खपली आणि एके दिवशी संपली. त्या दिवशी सकाळपासून आशाबाईंचा फोन वाजायचा थांबेना. अकोल्याचे गिऱ्हाईक नत्थुजी तर रडकुंडीला आलेले.

"बाई, तुमचं बटण दबून नाही राहिलं. अंगठा धुऊन पाहिला, सुनेचा अंगठा लावून पाहिला. माहा मोबाइल गेला काय?"

आशाबाईंनी तडक तुबाला फोन लावला. तुबानं पान उघडलं. बटण झळकत होतं, दाबलं तर ढिम्म. मग तिच्या ध्यानात आलं. माल संपला की लायब्ररी बटण आपोआप बंद करून राखाडी करायची. बंद तर लायब्ररीनं केलं होतं, पण तुबाच्या पिवळ्यानं राखाडीला वर येऊच दिलं नव्हतं.

"माहीच चूक हाय, काकू. बटण बंद हाय, पण रंग चालू असल्यावाणी दिसते."

"म्हणजे मेलेल्याले हळद लावली तू!"

तुबाला इतकं हसू आलं की शरमायचं राहूनच गेलं. मग तिनं तो शब्द खोडला आणि आधीच वाचायला हवी होती ती लायब्ररीची माहिती निमूट वाचली. बटणाच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा रंग द्यायची सोय तिथं पहिल्यापासून होती. चालू बटणाला तिनं पिवळा दिला, बंद बटणाला राखाडी.

"राखाडी नको," आशाबाई म्हणाल्या. "सुतक असल्यावाणी दिसते. फिक्कं पिवळं कर, अन् त्याच्यावर लिव, 'भरडून राहिलो, थांबा'."

तुबानं तसंच लिहिलं. लोक खरंच थांबले. फोन मात्र चालूच राहिले, कारण आता जो तो विचारू लागला, "किती भरडली?" आशाबाई प्रत्येकाला जात्यावर बसल्यासारखं सविस्तर सांगत, आणि गटातल्या बाया गिरणीच्या घरघरीवरून ओरडत, "त्याईले म्हणा, फोन ठेवा, तवाच भरडून होईन!"