कालवा की कालुवे

कानडी मुलखात, आनेकलच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध उठलेल्या त्या वसाहतीत निवृत्त मराठी इंजिनिअर दाटीने राहतात आणि पाण्याविषयी प्रत्येकाला ठाम मत आहे. यंदा उन्हाळ्यात वसाहतीची बोअरवेल आटली, तेव्हा दामोदर खासनीसांचं मत सर्वांत मोठ्या आवाजातलं निघालं. सरकारी कारखान्यात आयुष्यभर टर्बाइन जोडलेल्या माणसाला जमिनीखालच्या पाण्याचं काय विशेष वाटणार?

कुंपणालगत एक खोल, कोरडा चर होता. आसपासचे लोक त्याला कालुवे म्हणत. दामोदररावांना कालवा ऐकू आलं. कालवा पाणी आणतो. हा तर वर्षानुवर्षं काहीच आणत नव्हता. म्हणजे बंद पडलेला. त्याला आडवा बांध घालायचा, पोटात शोषखड्डे खणायचे, पाऊस मुरवून बोअर जिवंत करायची, असा वसाहतीच्या समितीने ठराव केला. खड्ड्यांचं माप त्यांनी जुन्या सरासरी पावसावरून काढलं. पाऊस सरासरीने पडायचा केव्हाच बंद झाला होता. ते रोजच्या पेपरात वाचून दामोदरराव हळहळतही असत, पण हिशेबात घेत नसत.

बांध झाल्यावर नारळ फोडताना वरच्या अंगाच्या शेतातल्या गुरुराज रावांनाही बोलावलं होतं. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. दसऱ्याच्या बाजारासाठी त्यांनी अख्ख्या शेतात शेवंती लावली होती. बांध पाहून ते म्हणाले, "हे पाणी आणणारं नव्हे सर, नेणारं आहे. कालुवे."

"कालवा," दामोदररावांनी दुरुस्त केलं. "तुमचं मराठी स्वल्प कानडी झालंय, अण्णा."

सगळे हसले. वरचं तळं भरलं की सांडव्याचं पाणी याच वाटेने खालच्या तळ्यात जातं, हे पुढचं वाक्य गुरुराजांच्या ओठांवर होतं. ते त्यांनी मानापायी गिळलं आणि पेढा घेऊन घरी गेले. माणूस पिकापेक्षा आपल्या मराठीला अधिक जपत होता.

सप्टेंबरात महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळला. तळं भरलं, पाणी चरातून आलं, बांधाला थडकलं आणि उलटं फिरून शेवंतीत शिरलं. गुरुराज चिखलात धावत आले. बांध आजच फोडला तर मुळं वाचतील, नाहीतर कुजतील, एवढंच ते सांगत राहिले. दामोदरराव तुंबलेल्या पाण्याकडे कौतुकाने बघत होते. पाणी साचलंय म्हणजेच मुरतंय, असं त्यांनी समजावलं. खालची चिकणमाती आधीच गच्च झाली होती, पण ती काही समितीची सभासद नव्हती. बांध समितीच्या ठरावाने घातलेला, तेव्हा फोडायलाही ठराव हवा असं निघालं. सभा बोलावली, सचिव बेळ्ळंदूरच्या वाहतुकीत अडकले, सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी दामोदररावांच्या पत्नी हेमलताबाईंनी नळाखाली धरलेल्या पेल्यात लाल गढूळ पाणी आलं. एक शोषखड्डा बोअरला खेटून, गाळणथर न घालताच खणला होता. पुराचा चिखल थेट आत उतरला होता.

"तुमचं पुनर्भरण झालं बरं का," असं म्हणत त्यांनी पेला नवऱ्यापुढे ठेवला.

मग वसाहतीने बांध ठरावाविनाच फोडला. कोरमची आठवण कुणाला झाली नाही.

शेतातलं पाणी ओसरल्यावर दामोदरराव चपला हातात घेऊन तिकडे गेले. गुरुराज एकेक रोप उपटून पाहत होते. मुळं काळी, लिबलिबीत. वास लांबवर येत होता. दसऱ्याला द्यायला एक फूल निघणार नव्हतं. दामोदररावांनी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि लगेच पुस्ती जोडली की काही झालं तरी भूजलाची पातळी वाढली असणार.

"वाढली असेल," गुरुराज म्हणाले. "पुढची शेवंती तिथं खालीच लावतो."

आणि त्यांनी पुढचं रोप उपटलं.