एक कापायचा की दोन्ही?

मी प्लास्टरचा जबडा बोलतोय. दचकू नका, मी चावत नाही. मला धड चावता येत नाही, तीच तर सगळी भानगड आहे.

माझा जन्म एका टेलरबाईंच्या तोंडात झाला. दवाखान्यात त्यांच्या दातांवर गुलाबी लगदा दाबून ठसे घेतले. "नाकाने श्वास घ्या," असं डॉक्टर सांगत होते आणि बाईंनी खुर्चीचा हात असा आवळला होता की तो निखळतोय की काय असं वाटावं. ठशांत प्लास्टर ओतलं, ते सुकलं, आणि मी अवतरलो. हुबेहूब बाईंचे दात! दाढा एकमेकींना टेकलेल्या, पुढच्या दातांनी मात्र अबोला धरलेला. मधल्या फटीतून पेन्सिल आरपार जायची. डॉक्टरांनी ती घालून दाखवलीच. मला गुदगुल्या झाल्या.

वर्षभर तारा लावून दात सरळ झाले होते, फट मात्र हटली नव्हती. आता शस्त्रक्रिया ठरवायची होती.

"पुढच्या दातांनी साधा धागा तुटत नाही," बाई म्हणाल्या. "सगळं दाढांनी चावते. संध्याकाळी कानशिलं ठणकतात."

सोबत त्यांची आत्या आली होती. तिचं दुखणं निराळंच. "डॉक्टर, हिची हनुवटी तेवढी पुढे आणा हो. फोटोत बाजूने बरी दिसेल."

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. "नुसती हनुवटी सरकवली तर चेहरा बदलेल, फट तशीच राहील. वरचा जबडा कापून मागच्या बाजूने थोडा वर बसवला, तर खालचा आपसूक फिरून वर येईल आणि फट मिटेल. खालचाही कापून पुढे आणला, तर चेहरा बाजूने जास्त उठून दिसेल."

"मग दोन्ही कापा!" आत्याने परस्पर निकाल लावला.

"थांब गं आत्या. डॉक्टर, धोका काय?"

"भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका दोन्हीकडे. हाड पुन्हा थोडं सरकूही शकतं. वरच्या शस्त्रक्रियेनंतर गाल आणि वरचा ओठ बधिर होतात, बहुतेकांना काही महिन्यांत जाणीव परत येते. खालच्या ओठाची नस मात्र खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. तिथे बधिरपणा जास्त, आणि काहींचा कायमचा राहतो."

बाईंनी पर्स उघडली. डबीतल्या चार टाचण्या ओठांत धरल्या, मान डावी-उजवीकडे फिरवून दाखवली, मग एकेक काढून ठेवली.

"दिवसभर अशाच धरते. कुठली घसरतेय ते खालच्या ओठाला कळतं. तोच झोपला तर टाचणी माझ्या पोटात जाईल."

डॉक्टर माझ्यासारखेच आ वासून बघत राहिले.

"फक्त वरचा," बाई ठामपणे म्हणाल्या.

"आणि हनुवटी गं?" आत्या कळवळली.

"हनुवटीने मी शिवत नाही."

रंगीत तालीम माझ्यावर झाली. करवतीने माझा वरचा भाग कापला, सरकवला, मेणाने चिकटवला. भूल नाही, धीराचा शब्द नाही!

खऱ्या शस्त्रक्रियेनंतर बाईंचा चेहरा उशीसारखा सुजला. कित्येक आठवडे पातळ पेजेवर काढले. बोलता येत नव्हतं, त्यामुळे आत्याने मात्र मनसोक्त बोलून घेतलं. एकदा रागाने बाईंनी तिला कागदावर लिहून दिलं, "पुरे!" आत्या म्हणाली, "माझा चष्मा नाही जवळ."

सहा महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. फट मिटली होती, कानशिलं शांत होती. डाव्या गालावर अजून नाण्याएवढी जागा बधिर होती, तिथे माशी बसली तरी कळत नव्हतं. तेवढ्यात बाहीचा एक धागा लोंबताना दिसला आणि त्यांनी तो दातांनी कटकन तोडला.

"अहो, कात्री वापरा!" डॉक्टर ओरडले.

त्याच दिवशी नव्या दातांचा ठसा घेतला आणि मला धाकटा भाऊ झाला. त्याचे दात कसे जुळलेले! फळीवर तो माझ्या शेजारी बसून मिरवतो.

परवा एक तरुण आला. धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मला असंच करून द्या."

पूर्वी डॉक्टर लगेच पेन्सिल उचलून समजावू लागायचे. या वेळी खुर्ची जवळ ओढून त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही दिवसभर काय काम करता?"

तुम्हाला कोणी हे विचारलं नाही, तर आपणहून सांगा. माझी एवढीच विनंती आहे. मग सावकाश ठरवा. मी फळीवरच आहे, मला कसलीही घाई नाही.